किक आणि बेस: साइडचेन आधी की शेवटी?

खर्जवाला
खाली प्रोग्राम केलेली किक (ड्रमचा खर्जाचा ठोका) आणि सब-बेस (सगळ्यात खालचा खर्ज), वर खरी ढोलकी. उडत्या चालीच्या मराठी गाण्याचा हा नेहमीचा सांगाडा. मिक्सला बसलं की पहिलं काम काय होतं? बेसवर कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन), त्याला किकची साइडचेन (म्हणजे किक वाजली की बेस दबतो), आठ-दहा डीबी (डेसिबल) दाबून मोकळे. माझं ठाम मत आहे की साइडचेन शेवटी लावावी. आधी लावली तर मूळ दोष झाकला जातो आणि गाणं दर ठोक्याला धापा टाकतं.

आधी फेज तपासा, म्हणजे दोन आवाजांच्या लाटा एकत्र वर-खाली जातात की एकमेकींना खोडतात ते. किकचे दोन लेयर (एकावर एक ठेवलेले आवाज) असतील तर मोनोत ऐका, एकाची पोलॅरिटी उलटी करा (लाट वरची खाली), ज्यात खालचा भाग भरीव लागतो ते ठेवा. मग एक लेयर १०-२० सॅम्पल मागेपुढे सरकवून बघा (सॅम्पल म्हणजे डिजिटल ध्वनीचा सगळ्यात छोटा तुकडा; ४८ किलोहर्ट्झला ४८ सॅम्पल म्हणजे १ मिलिसेकंद). फेज चुकलेली असेल तर ६० हर्ट्झला कितीही बूस्ट द्या, पोकळी भरत नाही.

मग किकची लांबी. शेपूट पुढच्या बेस-नोटवर पडत असेल तर फेड देऊन कापा. त्यानंतर जागा: किकचा जोर ५०-६० हर्ट्झला असेल तर बेसचा ८०-११० च्या आसपास ठेवा, किंवा उलट. सबचा मालक एकच हवा. एवढं केल्यावर साइडचेनला २-३ डीबीपेक्षा जास्त काम उरत नाही.

फेडर_वर
असहमत. फेज आणि लांबीबद्दल वाद नाही, पण 'सबचा मालक एकच' हे सगळीकडे चालत नाही. बेसलाइन ४१ हर्ट्झच्या ई पासून ८२ च्या ई पर्यंत फिरते, तेव्हा ईक्यूने (ठरावीक पट्टा कमी-जास्त करणारं साधन) पाडलेल्या खाचेत काही नोटा सापडतात, काही निसटतात. मग एक नोट बारीक आणि पुढची ढब्बू. साइडचेन फक्त किकच्या क्षणी दाबते, बाकी वेळ बेस जसाच्या तसा राहतो.

दुसरं कारण हेडरूम, म्हणजे आवाज फाटण्याआधी उरलेली जागा. सारख्याच पातळीचे दोन आवाज एका फेजमध्ये भेटले की शिखर ६ डीबीने वाढतं. ते शेवटच्या लिमिटरवर (ठरलेल्या पातळीपलीकडे आवाज जाऊ न देणारं साधन) आदळतं आणि किकसोबत गायकाचा आवाजही दबतो. बेस वेळीच ४-५ डीबी खाली गेला तर लिमिटरला धक्का बसत नाही. धापा लागतात त्या चुकीच्या रिलीजमुळे (दाब सोडायला कॉम्प्रेसर घेतो तो वेळ). त्याचं खापर साइडचेनवर का?

लग्गी_१६
रिलीजचा मुद्दा बरोबर, पण आकडे हवेत. सहाच्या ठेक्यात तीन मात्रांचा एक गट ६०० मिलिसेकंदांचा धरा, म्हणजे मात्रा २०० ची. किक पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर असेल तर अंतरं ४०० आणि २००. हाऊस या नाचाच्या संगीतासाठी तयार मिळणाऱ्या प्रीसेटमधला ३०० चा रिलीज इथे लावला तर तिसऱ्या मात्रेनंतर बेस वर येईपर्यंत पुढची किक हजर. बेस कायम अर्धवट. इथे ९०-१३० पुरे.

उलट बाजूही सांगतो. रिलीज १०-१५ वर नेला की बेस घरघरतो. ५५ हर्ट्झची एक लाट १८ मिलिसेकंदांची असते. कॉम्प्रेसर त्याहून चपळ झाला तर तो लाटेचा आकारच बदलायला लागतो.

आणि कृपा करून ढोलकीला किकची साइडचेन लावू नका! लग्गी (जलद, भरगच्च वादन) चालू असताना दर किकला थाप गिळली गेली तर वादकाचं वजन संपलं.

खर्जवाला
@फेडर_वर, हेडरूमचा मुद्दा मान्य. तरी ४-५ डीबी मला जास्तच वाटतात. आधी शेपूट कापून पाहा, बहुतेक वेळा तेवढी गरज पडत नाही. @लग्गी_१६, मग ढोलकीची धूम (खर्जाची बाजू) आणि किक एकत्र आल्यावर काय करता? ८०-१२० ला खाच?

लग्गी_१६
कायमची खाच नाही. धूम बाजूचा सूर तळहाताच्या दाबाने सरकतो, घिस्सा (तळहात घासणं) मारला की वर चढतो. एका जागी पाडलेल्या खाचेतून तो सरळ निघून जातो आणि ढोलकी मात्र पातळ होते. डायनॅमिक ईक्यू (गरजेच्या क्षणीच दाबणारा) घ्या, ७०-१३० एवढा रुंद पट्टा, किकने चालणारा, जास्तीत जास्त ३ डीबी. चाटेच्या (बारीक सुराच्या) बाजूला हात लावायचा नाही. किकची टिकही (सुरुवातीचा टोकदार आवाज) ३-४ किलोहर्ट्झला वाढवू नका, तिथे चाट आणि घुंगरू आहेत. मोबाइलवर किक ऐकू यावी म्हणून थोडं सॅच्युरेशन (आवाजाची हलकी विकृती) द्या. मोबाइलचा छोटा स्पीकर ५० हर्ट्झ देतच नाही. सॅच्युरेशनमधून वाढणारे १००-२०० च्या वरचे स्वरांश मात्र कानाला किकची जाणीव देतात.

काळी_एक
किक गाण्याच्या पट्टीत (सुरात) लावणं सगळ्यांनी सोडून दिलं का? माझ्या मते ते साइडचेनच्याही आधी यावं. गाणं काळी एकमध्ये (सी शार्प) असेल तर षड्ज ३४.६ किंवा ६९.३ हर्ट्झ. पहिला इतका खाली की मंडपातले बरेच सब (खर्जाचे स्पीकर) तो धड देत नाहीत, दुसऱ्यावर किक हलकी लागते. अशा वेळी पंचमावर लावा: ५१.९. जोरही राहतो आणि बेसशी भांडणही होत नाही.

फेडर_वर
शेपूट २०० मिलिसेकंदांपेक्षा लांब असेल, ८०८ या ड्रम-मशीनच्या किकसारखी, तर हे शंभर टक्के खरं. पण ८० मिलिसेकंदांच्या ठोक्यात ५० हर्ट्झच्या जेमतेम चार लाटा बसतात, आणि सुरुवातीला सूर वरून खाली घसरत असतो. कानाला तिथे पट्टी कळत नाही. उलट आखूड किक चार-पाच सुरांनी ताणली तर तिचा ठोसा बदलतो. त्यापेक्षा दुसऱ्या किकचा आवाज निवडा.

काळी_एक
आखूड किकपुरतं मान्य. पण मंडपात स्पीकरच्या भिंतीवर आखूड किकही घुमून लांब होते. म्हणून स्टुडिओतल्या ८० मिलिसेकंदांवर विसंबू नका. बेस बंद करून फक्त किक आणि हार्मोनियम लावा. बेसूर वाटली तर अर्ध्या सुराने हलवा, आणि हलवल्यावर फेज पुन्हा तपासा, कारण लेयरची जुळणी तिथेच बिघडते.