मदत हवी आहे: भाच्याला पाळलेला गार्टर साप चावला, हात सुजलाय

नमस्कार. मी फोंड्याचा. भाचा ओहायोत शिकतो, तिथे त्याने गार्टर साप पाळलाय. अंगावर पिवळे पट्टे असलेला बारीक साप, तिकडे लोकांच्या परसातही दिसतो. काल त्याला माशाचे तुकडे घातले आणि हात न धुताच भाच्याने पाण्याची वाटी उचलायला हात आत घातला. सापाने अंगठ्याच्या बुडाशी धरलं ते मिनिटभर चावतच राहिला. ओढून काढला नाही. गार पाण्याच्या नळाखाली हात धरला तेव्हा सुटला.

आधी टाचणी टोचल्यासारखे रक्ताचे ठिपके होते. रात्रीपर्यंत सूज मनगटावर आली. आता अठरा तास झाले. खाजेने झोप नाही, ठिपक्यांभोवती जांभळट डाग आहेत. ताप, उलटी, चक्कर काही नाही.

साप बिनविषारी म्हणतात, मग ही सूज कसली? लहानपणी कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, वडिलांना दिवड चावली होती, रक्त बरंच वाहिलं, पण हात असा फुगला नव्हता. बहिणीने कालपासून धड घास घेतलेला नाही. तिला धीर द्यायचा तर मला आधी नीट कळायला हवं. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
दादा, ताईंना आधी जेवायला सांगा. मी सर्पमित्र आहे. गार्टर आणि आपली दिवड एकाच उपकुळातले. गार्टरला नागासारखे पोकळ विषदंत नसतात, पण जबड्याच्या मागच्या भागातल्या ग्रंथींची सौम्य विषारी लाळ चावताना जखमेत झिरपते. झटकन चावून सोडलं तर बहुधा ओरखडाच राहतो. मिनिटभर चघळलं म्हणून एवढी सूज. हाताला माशाचा वास होता, त्याला ते भक्ष्यच वाटलं.

साबणाने धुवायचं, अंगठी-घड्याळ काढायचं, हात उंच ठेवायचा. चिरणं, चोखणं, आवळून बांधणं नको. खाजेची गोळी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन तिथल्या डॉक्टरांना विचारून. सूज कोपराकडे चढली, पू झाला, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या किंवा धाप लागली तर ती ॲलर्जी, तेव्हा थेट इमर्जन्सीत. सापाला हात लावल्यावर दर वेळी हात धुवायचे, त्याच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

एक मात्र कळकळीने सांगतो. हा हिशोब आपल्या कुळागरात लावू नका. इथे घोणस, मण्यार, फुरसं आहे. साप ओळखता आला नाही तर १०८ला फोन आणि थेट इस्पितळ.

धागाकर्ता:
मनापासून आभार. प्रतिसाद बहिणीला वाचून दाखवला. भाच्याने अंगठी काढलीच नव्हती, आत्ता साबण लावून कशीबशी निघाली. खाली बोटावर खोल वळ पडलाय. कॉलेजच्या दवाखान्यात निघालाय तो.