पक्षाघातानंतर स्टेम सेल उपचार : स्कॅनमधील बदलाला पुरावा मानावे का?

प्रश्न : नाशिकची_लेक

माझ्या वडिलांना (वय ६३) १४ महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा खंडित होऊन पक्षाघात झाला. आता ते काठी घेऊन चालतात. परंतु उजव्या हाताची बोटे ताठरलेली आहेत, उघडत नाहीत, आणि बोलताना शब्द अडतात. एका खासगी केंद्राने कमरेच्या हाडातील मज्जा काढून, त्यातील स्टेम सेल (इतर प्रकारच्या पेशी तयार करू शकणाऱ्या मूळ पेशी) पाठीच्या मणक्यातून सोडण्याचा उपचार सुचवला आहे. त्यांनी दुसऱ्या एका रुग्णाचे उपचारापूर्वीचे आणि सहा महिन्यांनंतरचे पेट स्कॅन दाखवले. आधी निळा असलेला भाग नंतर हिरवा दिसत होता. ते चित्र पाहिल्यापासून बाबांनी उभारी धरली आहे, आई दागिने मोडायला तयार आहे, आणि म्हणूनच निर्णय घेणे मला जड जात आहे.

उत्तर : प्रतिमा_निदान

ताई, पेट स्कॅनमधला रंग म्हणजे मेंदूचा तो भाग तपासणीच्या वेळी किती ग्लुकोज वापरत होता याचे मोजमाप असते. रक्तातील साखर किती होती, रुग्ण जागा होता की पेंगत होता आणि रंगपट्टी कोठून कोठपर्यंत ठेवली, यांवर तोच मेंदू निळा दिसेल की हिरवा हे अवलंबून राहते. त्या सहा महिन्यांत रुग्णाचा व्यायामही चालू असेल, तर बदल कशामुळे झाला हे एका जोडचित्रावरून सांगता येत नाही.

याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण अमेरिकेतील आहे. स्टॅनफर्डच्या गॅरी स्टाइनबर्ग यांच्या गटाने २०१६ मध्ये १८ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कवटीला छिद्र पाडून पेशी थेट मेंदूत सोडल्या होत्या. आठवड्याभरात एमआरआयमध्ये हालचालीच्या केंद्राजवळ एक तात्पुरता ठिपका उमटला आणि तो जितका मोठा, तितकी सुधारणा अधिक, असे आढळले. आम्हा सर्वांनाच त्याची फार आशा वाटली होती. पुढे १६३ रुग्णांची चाचणी झाली, ज्यात काहींना पेशी न देता केवळ छिद्राची शस्त्रक्रिया केली होती. २०१९ मध्ये कळले की मुख्य निकषावर दोन्ही गटांत फरक नव्हता.

उत्तर : चाचणी_वाचक

भारतातही एम्सच्या डॉ. कामेश्वर प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पाच केंद्रांत १२० रुग्णांवर अशी चाचणी झाली आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्णाच्याच मज्जेतील पेशी शिरेतून देणे सुरक्षित ठरले, मात्र सहा महिन्यांनी लाभ दिसला नाही. त्या रुग्णांना झटक्यानंतर काही आठवड्यांतच पेशी दिल्या होत्या, म्हणून ती चाचणी आपल्या वडिलांना जशीच्या तशी लागू होत नाही, हे मान्य आहे. तरीही २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार पक्षाघातासाठी स्टेम सेलचा वापर केवळ मंजूर चाचणीतच करता येतो आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. केंद्राकडे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतील (चाचण्यांच्या अधिकृत नोंदवहीतील) नोंदणी क्रमांक लेखी मागावा. पैसे मागितले जात असतील, तर ते संशोधन नव्हे.

उत्तर : हात_आणि_वाचा

मी पुनर्वसन क्षेत्रात काम करते. बाबांची उभारी मोडू नका. ती दुसरीकडे वळवा. बोटे ताठरलेली असतील, तर स्नायू सैल करणारे बोट्युलिनम इंजेक्शन, ताण देणारे व्यायाम आणि स्प्लिंट (बोटे सरळ धरून ठेवणारा आधार) यांचा उपयोग होईल का, हे न्यूरॉलॉजिस्टना विचारा. वाचेबाबत तर मी आग्रहानेच सांगेन : जर्मनीत १५६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, झटक्याला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटलेल्या, सत्तरीपर्यंतच्या रुग्णांना तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास वाचोपचार दिल्यावर रोजच्या संवादात सुधारणा दिसली. बाबा या वर्णनात नेमके बसतात. आठवड्यातून एकदा अर्धा तास म्हणजे तो उपचार नव्हे, हे मात्र वाचोपचारतज्ज्ञांशी आधीच बोलून घ्या.

प्रश्नकर्ती : नाशिकची_लेक

आभार. उद्या केंद्राकडे नोंदणी क्रमांक मागते. दहा तासांपैकी काही तास घरी आईने घेतले, तर ते चालतील का?

उत्तर : हात_आणि_वाचा

त्या चाचणीतील दहा तास तज्ज्ञांनी घेतलेले होते, म्हणून आईचे तास त्यांच्या जागी न धरता त्यांवर जोडावेत. शब्दांची यादी तज्ज्ञांकडून घ्या आणि तीत घरातल्यांची नावे व बाबांच्या आवडीच्या पदार्थांची नावे घालायला सांगा.