मौनाची जाणीव १९९२ च्या आधीची

ऑस्ट्रेलियाच्या इतिहासलेखनात मूळ रहिवाशांना स्थान मिळाले ते १९९२ च्या माबो निकालानंतरच (मूळ रहिवाशांच्या जमीनहक्कांवरचा ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल), हे मत मला अपुरे वाटते. त्या निकालाने 'ही भूमी कोणाचीच नव्हती' ही कायदेशीर कल्पना मोडीत काढली हे खरेच. पण मानववंशशास्त्रज्ञ स्टॅनर यांनी १९६८ मध्येच सरकारी नभोवाणीवरील व्याख्यानमालेत देशाच्या इतिहासग्रंथांची झडती घेऊन, त्यांतली मूळ रहिवाशांची अनुपस्थिती नजरचुकीची नसून तो 'महान ऑस्ट्रेलियन मौना'चा भाग आहे, असे बजावले होते.

दूरचित्रवाणीला मात्र फार उशीर झाला. दिग्दर्शिका रेचल पर्किन्स यांची 'फर्स्ट ऑस्ट्रेलियन्स' ही मूळ रहिवाशांच्या इतिहासावरील सात भागांची मालिका २००८ मध्ये आली. पहिल्या महायुद्धातील गॅलिपोलीच्या लढाईच्या कथेइतकीच ती घराघरांत पाहिली जावी, असे मला मनापासून वाटते.