मदत हवी आहे : स्लाव येथे माळ्यावरच्या अँटेनाने फ्रीव्ह्यू (ब्रिटनमधील मोफत दूरचित्रवाणी सेवा) नीट दिसत नाही

लंडनच्या पश्चिमेस स्लाव येथे राहणाऱ्या जाणकारांना माझी विनंती आहे. आमच्या घराच्या माळ्यावर, कौलांच्या आत, एक यागी (समांतर दांड्यांची, एकाच दिशेने ग्रहण करणारी) अँटेना असून तिचे तोंड साधारण ३५ किलोमीटरवरील क्रिस्टल पॅलेसच्या मनोऱ्याकडे आहे. तेथील प्रक्षेपण क्षितिजसमांतर ध्रुवणाचे (म्हणजे लहरींचे कंपन आडवे) असल्यामुळे तिचे दांडेही आडवेच ठेवले आहेत. साध्या वाहिन्या बहुधा ठीक दिसतात. मात्र डीव्हीबी-टी२ या नव्या डिजिटल प्रक्षेपण पद्धतीच्या एचडी (अधिक स्पष्ट चित्राच्या) वाहिन्यांवर, विशेषतः हीथ्रोची विमाने वरून जात असताना, चित्राचे चौकोन होतात आणि आवाज तुटतो, ज्याचा घरातील वृद्धांना फार त्रास होतो.

विक्रेत्याने ॲम्प्लिफायर (सिग्नल वाढवणारे उपकरण) सुचवला आहे. मला तो उपाय पटत नाही, कारण मुळात विस्कटलेला सिग्नल वाढवून सुधारत नाही, आणि पूर्वी टीव्हीसाठी असलेला ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा आता मोबाइल सेवेकडे गेल्याने, नको त्या लहरी अडवणाऱ्या गाळणीविना लावलेला ॲम्प्लिफायर त्या लहरींनीच भारून जाईल, अशी शंका वाटते. अशा परिस्थितीत अँटेना छपरावर नेणे, जुनी केबल बदलून दुहेरी आवरणाची घालणे, की लॉग-पिरिऑडिक (विस्तृत पट्ट्यावर जवळपास सारखे ग्रहण करणारी) अँटेना घेणे, यांपैकी प्रथम काय करावे? ज्यांनी याच भागात हे काम करून घेतले आहे, त्यांनी कृपया सविस्तर कळवावे.