भाषाधोरणाचा अभ्यासक नेमके काय काम करतो?

प्रश्न:
मी भाषाविज्ञानात एम. ए. करते आहे आणि पुढे बहुभाषिक शिक्षणावर पीएच. डी. करण्याचा विचार आहे. भाषाधोरण शासकीय समित्यांत ठरते, संशोधकाच्या हाती त्यात फारसे काही नसते, असे मला सांगितले जाते. या क्षेत्रात आयुष्य घालवलेल्या एखाद्या अभ्यासकाच्या कामावरून हे पडताळता येईल का?

उत्तर १:
अजित मोहंती यांचे काम पाहा. ते मूळचे मानसशास्त्रज्ञ, पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्राध्यापक झाले. ओडिशातील कोंध समाजात काही गावांत मुले कुई आणि ओडिया दोन्ही बोलत, तर काही गावांत कुई मागे पडून केवळ ओडिया उरली होती. समाज एकच आणि फरक मुख्यतः भाषेचा, अशी संधी अभ्यासकाला क्वचितच मिळते. बौद्धिक चाचण्यांत द्विभाषिक मुले सरस ठरली. घरची बोली मुलाच्या शिकण्याच्या आड येते, हा शाळांमध्ये खोलवर रुजलेला समज या निष्कर्षाने खोटा ठरवला, आणि त्यांच्या पुढच्या साऱ्या कामाचे बळ मला इथेच दिसते. ओडिशात संताळी, सावरा, कुई अशा १० आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षण सुरू झाले, त्या प्रयत्नांशीही ते जोडलेले होते.

उत्तर २:
देवीप्रसन्न पट्टनायक यांनाही विसरू नका. म्हैसूरला १९६९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भाषा संस्थानाचे ते पहिले संचालक. संविधानाचे कलम ३५० अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्यास सांगते आणि ते १९५६ पासून अस्तित्वात आहे. परंतु त्या भाषेचे व्याकरण, शब्दसंग्रह, वाचनपुस्तके आणि ती जाणणारा शिक्षक नसेल, तर कलम वर्गापर्यंत पोहोचत नाही. ही तयारी समिती करत नाही, अभ्यासकच करतात.

उत्तर ३:
मी मेळघाटात शिकवतो. पहिलीत येणारी बहुतेक मुले घरी कोरकू बोलतात. कोरकू मुंडा कुळातली असल्यामुळे मराठीशी तिचे नाते नाही, आणि म्हणून मूल पाठ्यपुस्तक घडाघडा वाचते, पण अर्थ विचारला की गप्प होते. मी कोरकू शिकलो, तेव्हा कुठे वर्ग बोलू लागला. पालक मात्र मला एकच विचारतात: मराठी केव्हा शिकवणार? त्यांची काळजी खरी आहे. कोरकूवरून मराठीकडे मुलाला कोणत्या इयत्तेत आणि कोणत्या क्रमाने न्यावे, याचे उत्तर मला हवे आहे. आपण हा विषय घेणार असाल, तर माझा वर्ग आपल्यासाठी खुला आहे.