सिल्व्हरस्टोन जाणार का? आणि लुईस हॅमिल्टन कुठाय?

मंगळवार, 11 जुलै 2017
प्रेषक: टोस्टरकर

नमस्कार मंडळी,

बातमी वाचली असेलच. बीआरडीसीने, म्हणजे सिल्व्हरस्टोन सर्किटच्या मालक क्लबने, आज ब्रिटिश ग्रां प्री (इथली फॉर्म्युला वन, म्हणजे एफ-वनची कार रेस) भरवायचं कॉन्ट्रॅक्ट मोडायची नोटीस दिली. 2026 पर्यंतचं कॉन्ट्रॅक्ट होतं, मधेच बाहेर पडायची एकच सोय होती आणि ती या रविवारच्या रेसआधी वापरायची होती, ती वापरली. म्हणजे नवीन काही ठरलं नाही तर 2019 ची ब्रिटिश ग्रां प्री सिल्व्हरस्टोनची शेवटची.

मी टोस्टरला राहतो (लिहितात भलतंच, म्हणतात टोस्टर, प्रत्येक पाहुण्याला हे एकदा सांगावं लागतं), सर्किट घरापासून चार-पाच मैलांवर, वारा इकडचा असला की परसात कपडे वाळत घालताना इंजिनचा आवाज येतो, त्यामुळे मला जरा जास्तच लागलंय हे. पण आकडे बघा. 2010 ला रेस भरवायची फी होती साधारण 11.5 मिलियन पाउंड, वर दरवर्षी 5 टक्के वाढ, तीसुद्धा चक्रवाढ. यंदा झाली 16.2. 2026 ला 25 च्या पुढे जाते, कॅल्क्युलेटर घेऊन करून बघा. 2015 ला तोटा 2.8 मिलियन, 2016 ला 4.8 मिलियन, आणि स्टँड तर खचाखच भरलेले!!

कारण तिकिटं सोडून त्यांच्या हातात फारसं काही येतच नाही. ट्रॅकच्या कडेच्या जाहिराती एफ-वनच्या, पॅडॉक क्लबचं (बड्या पाहुण्यांच्या कक्षाचं) खाणंपिणं एफ-वनचं. आपल्या भाषेत सांगायचं तर हॉल आपला, खुर्च्या आपण लावायच्या, नाटक कंपनीला बिदागी द्यायची, आणि इंटरव्हलचे बटाटेवडेसुद्धा नाटक कंपनीच विकणार. बाकी ठिकाणी सरकार पैसे ओततं, बाकू काय अबू धाबी काय. इथे सरकार एक पेनी देत नाही.

रविवारी कोण कोण येतंय? गाडीत दोन जागा आहेत.

बुधवार, 12 जुलै, रात्री 11.40
प्रेषक: हॅरोची ताई

आत्ता ट्रफाल्गर स्क्वेअरहून, एफ-वनच्या लंडनमधल्या शोहून घरी आलो, पाय मोडलेत पण काय मजा आली! व्हाइटहॉलवर एफ-वनच्या गाड्या!! जिथे एरवी डबलडेकर रांगत असतात तिथे, आणि तो आवाज दोन्ही बाजूंच्या दगडी बिल्डिंगांवर आपटून परत येतो तेव्हा छातीत धडधडतं. लेकाला खांद्यावर घेतलं होतं, दहा वर्षांचा झालाय, आता मला झेपत नाही, पण खाली उतरायला तयार नाही. तिकीट नाही, काही नाही, फुकट. एफ-वनला नवे अमेरिकन मालक आल्यापासून निदान लोकांपर्यंत यायला तरी लागलेत.

पण. वीसपैकी एकोणीस ड्रायव्हर आले आणि न आलेला एक कोण, तर आपला लुईस, ब्रिटनचा सगळ्यात मोठा ड्रायव्हर. घरचं कार्य आणि नवरदेव ग्रीसला! स्टेजवरून नाव घेतलं तर लोकांनी हुर्यो उडवली. लेक लुईसच्या 44 नंबरची टोपी घालून आला होता, त्याने ती हळूच काढून बॅगेत टाकली. मी काही बोलले नाही, पण मला राग आलाय, खरंच आलाय.

गुरुवार, 13 जुलै
प्रेषक: डार्बीकर

ताई, दोन दिवस सुट्टी घेतली हो त्याने, एवढं काय! मिकोनोसला गेला तर गेला, त्याचं काम रविवारी दीड तास गाडी हाकायचं आहे. 2008, 14, 15, 16, चार वेळा इथे जिंकलाय तो, अजून काय प्रसिद्धी करायची माणसाने? स्टेजवर हात हलवून सिल्व्हरस्टोनचा तोटा भरून निघणार होता का?

आणि टोस्टरकर, एवढं रडू नका. ब्रिटिश ग्रां प्री सिल्व्हरस्टोनलाच व्हावी असं कुठल्या पोथीत लिहिलंय? 1955 ते 62 मधे पाच वेळा लिव्हरपूलजवळ एन्ट्रीला झाली, 1964 ते 86 सम वर्षी ब्रँड्स हॅचला. कायमची सिल्व्हरस्टोनला फक्त 1987 पासून.

जखम माझीपण आहे. 4 जुलै 2008, सिल्व्हरस्टोनला शुक्रवारची प्रॅक्टिस चालू आणि तिकडे जाहीर झालं की 2010 पासून दहा वर्षं रेस डॉनिंग्टनला. माझ्या घराजवळ! मी ऑफिसात पेढे वाटले, खरे, लेस्टरहून आणून. पुढे 2009 च्या ऑक्टोबरपर्यंत पैसेच उभे राहिले नाहीत, ट्रॅक तेवढा खणून ठेवलेला. मग डिसेंबरात परत सिल्व्हरस्टोन, तेही 17 वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट. ही जी 5 टक्क्यांची धोंड गळ्यात आहे ना, ती तेव्हाची आहे. रेस हातची जाऊन परत मिळतेय म्हटल्यावर कोण घासाघीस करतं? आता ते म्हणतायत परवडत नाही. सही करताना पाढे येत नव्हते का?

कालचा तमाशा मला वेगळाच वाटतो. लंडनच्या रस्त्यावर गाड्या पळवून बघितल्या, लोक येतात हे कळलं. पुढची पायरी लंडनमधेच रेस. बघा तुम्ही.

गुरुवार, 13 जुलै
प्रेषक: व्यवस्थापक

ही लिस्ट मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. गणपती 25 ऑगस्टला आहेत, मोदकांसाठी अजून फक्त तीन नावं आली आहेत. (बाय द वे, पामर हा ड्रायव्हरसुद्धा ब्रिटिशच आहे आणि तो काल आला होता, त्याचं कोणीच नाव घेत नाहीये.)

शुक्रवार, 14 जुलै
प्रेषक: लेस्टरचे काका

मोदकांना आमची नावं लिही रे, सौ. म्हणाली एकवीस करून आणते.

आता विषयाचं. मी 1984 साली कोल्हापुरातून इकडे आलो. 87 ला कंपनीतल्या एका गोऱ्याने जबरदस्तीने सिल्व्हरस्टोनला नेलं, मला रेसिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. स्टोच्या वळणाला मातीच्या बांधावर उभे होतो, हातात दशम्यांचा डबा. ब्रिटिश ड्रायव्हर मॅन्सेलने मधेच टायर बदलले आणि तो पिकेच्या जवळजवळ अर्धा मिनिट मागे पडला, मला वाटलं संपलं. पण प्रत्येक चक्करला दोघांमधलं अंतर कमी व्हायला लागलं, बाजूचा गोरा घड्याळ लावून सेकंद ओरडून सांगत होता. शेवटून दुसरी की तिसरी चक्कर, हँगर स्ट्रेटवरून (ट्रॅकचा सरळ पट्टा) दोघं एकापाठोपाठ आले, मॅन्सेलने डावीकडे हूल दिली, पिके फसला, हा उजवीकडून आत! अरे खासबागेत असा पट काढलेला बघितलाय मी. डबा कुठे पडला मला आजतागायत माहीत नाही. लोक कुंपणावरून उड्या टाकून ट्रॅकवर, आणि मीही!

ती हूल व्हाइटहॉलवर बसत नाही बाबांनो. दोन्हीकडून भिंती, जायचं कुठून? सिल्व्हरस्टोन मूळचा विमानतळ, 1943 चा, युद्धातली वेलिंग्टन बॉम्बर विमानं तिथे उतरायची, एका स्ट्रेटला अजून त्यांचंच नाव आहे. म्हणून ते एवढं रुंद आणि सपाट आणि वाऱ्याचं. 13 मे 1950 ला वर्ल्ड चॅम्पियनशिपची पहिलीवहिली रेस तिथे झाली, राजा स्वतः आलेला, फारिना जिंकला अल्फा रोमिओतून. आता फारिना कोणाला आठवतो? मॅन्सेलच्या मिशासुद्धा आताच्या पोरांना माहीत नाहीत. ड्रायव्हर येतात जातात. बेकेट्सची वळणं तिथेच आहेत.

बुधवारचा कार्यक्रम वाईट होता असं मी म्हणत नाही. परवा 4 तारखेला आषाढी झाली. पालखी पुण्यात येते, दोन दिवस राहते, ज्यांना वारी जमत नाही ते तिथे दर्शन घेतात, चांगलंच आहे. पण म्हणून पंढरपूर उचलून कोणी शनिवारवाड्यावर आणत नाही.

शुक्रवार, 14 जुलै
प्रेषक: हॅरोची ताई

काका, एकदम पटलं. पण पालखीत माऊलीच नव्हती ना!

शुक्रवार, 14 जुलै
प्रेषक: डार्बीकर

😂😂 काका निरुत्तर. पण पंढरपूरला विठ्ठल भाडं मागत नाही, एवढा फरक लक्षात घ्या.

रविवार, 16 जुलै, रात्री
प्रेषक: टोस्टरकर

सगळे सुखरूप पोचलात ना? आम्हाला गेटबाहेर पडायला दोन तास लागले, समोरच्या फोर्स इंडिया या एफ-वन टीमच्या फॅक्टरीकडे बघत बसलो, ताईंचा लेक तिथल्या गुलाबी बोर्डाचे फोटो काढत होता. काय रेस झाली! पोल (सुरुवातीची पहिली जागा) लुईसचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत पुढे लुईस, सगळ्यात फास्ट लॅप लुईसचा. शेवटच्या दोन-तीन लॅपमधे राइकोनेनचा टायर गेला, मग वेटेलचा, वेटेल सातवा आणि आता चॅम्पियनशिपमधे त्याच्यात आणि लुईसमधे फक्त एक पॉइंट. व्यवस्थापकांच्या पामरची गाडी मात्र रेस सुरू व्हायच्या आधीच्या फॉर्मेशन लॅपलाच बंद पडली, बिचारा. बुधवारी हजेरी लावून हे फळ.

ब्रिटिश ग्रां प्रीत पाच विजय झाले, म्हणजे जिम क्लार्क आणि प्रॉस्टची बरोबरी. डार्बीकर, तुमच्यासाठी: क्लार्कच्या पाचातला एक एन्ट्रीचा, एक ब्रँड्स हॅचचा. प्रॉस्टचे पाचही सिल्व्हरस्टोनचे. दोन्ही बाजूंना एकेक पुरावा, घ्या वाटून.

आमच्या स्टँडवर एकानेही हुर्यो केली नाही. 44 नंबरची टोपी सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना हळू ठेवते ती) आत जायच्या आधीच बॅगेतून बाहेर आली होती, ताई सांगणार नाहीत म्हणून मी सांगतो.

सोमवार, 17 जुलै
प्रेषक: हॅरोची ताई

हो, आली बाहेर. आणि मीच ओरडून ओरडून घसा बसवून घेतलाय, ऑफिसात आज खुणांनी बोलतेय. राग गेला असं नाही हां, बुधवारी यायलाच हवं होतं त्याने, जे स्टँडचं तिकीट काढू शकत नाहीत ते तिथे आले होते. पण काका म्हणतात ते बेकेट्स काल डोळ्यांनी बघितलं. गाडी डावीकडे-उजवीकडे-डावीकडे अशी काही फेकतात की टीव्हीवर त्यातलं निम्मंही कळत नाही. लेक विचारतोय 2019 नंतर कुठे जायचं. मी म्हटलं अजून दोन वर्षं आहेत, बसतील बोलायला.

सोमवार, 17 जुलै
प्रेषक: लेस्टरचे काका

बसतील. दोघांनाही गरज आहे, नोटीस हा भावाचाच भाग असतो, आमच्या गूळ मार्केटात आडते असेच उठून जायचे आणि चहाच्या टपरीपासून परत यायचे. ताई, माऊली पालखीत नव्हती, थेट पंढरपुरातच भेटली म्हणायची.

टोस्टरकर, माझी निळी घडीची खुर्ची तुमच्या डिकीत राहिलीये बहुतेक. गणपतीला येताना आणा.