आजची कोजागिरी आणि ट्रेन (न्यू यॉर्क-न्यू जर्सीतलं मराठी मंडळ, सँडी चक्रीवादळाच्या आदल्या दिवशी: रविवार, २८ ऑक्टोबर २०१२)

क्वीन्सहून:
वादळामुळे एनजे ट्रान्झिट (न्यू जर्सीची रेल्वे) दुपारी ४ पासून गाड्या बंद करत जाणार, न्यू यॉर्कची सबवे संध्याकाळी ७ पासून. आम्ही दोन फॅमिल्या न्यू यॉर्कच्या पेन स्टेशनहून न्यू जर्सीत एडिसनला येणार होतो, येऊ एकवेळ, पण परत कसं जायचं? कार्यक्रम दुपारी २ ला घेता येईल का? लवकर सांगा, मुलं विचारतायत.

खजिनदार:
हॉल संध्याकाळी ५ लाच मिळतोय, डिपॉझिट परत मिळणार नाही हे मीटिंगमध्येच सांगितलं होतं. वादळ उद्या रात्री येणार, मग आजच गाड्या कशाला बंद? गेल्या वर्षी आयरीन वादळालाही शनिवारी दुपारी १२ ला सबवे बंद केली, आपण गणपतीची तालीम रद्द करून घरी बसलो.

मिडलसेक्सहून:
घरी बसलो म्हणून बरं, त्या वेळी आमच्या शेजारच्या बाउंडब्रुक गावात काय पाणी होतं विसरलात का? तालमीचा विषय पुन्हा नको प्लीज.

काका:
खजिनदारसाहेब, मी सिग्नलच्या कामात आयुष्य काढलंय. सबवे बंद करायलाच आठेक तास लागतात, सखल यार्डातल्या गाड्या वर न्यायच्या, माणसं घरी पोचवायची. वारा ताशी ३९ मैलांवर गेला की उघड्यावर गाडी चालवायचीच नाही. आणि खारं पाणी सिग्नलमध्ये गेलं की तो गेलाच. उद्या पौर्णिमा, म्हणजे उधाणाची भरती, त्यात हे वादळ. कार्यक्रम पुढे ढकला.

जर्सी सिटीहून:
काकांशी सहमत. २६ जुलै २००५ ला मी कुर्ल्याच्या अलीकडे लोकलमध्ये अडकले होते, पाणी फुटबोर्डला लागलं, शेजारच्या मावशींनी डब्यातली अर्धी पोळी हातात ठेवली आणि म्हणाल्या खा, रात्र इथेच जाणार. पहाटे चपला हातात घेऊन रुळांवरून चालत निघालो. आधी गाड्या थांबवल्या असत्या तर घराबाहेरच पडले नसते. कुणालाही मुलाबाळांसकट अर्ध्या वाटेत अडकवू नका.

खजिनदार:
ठीक आहे, रद्द. डिपॉझिटचं मी बोलून बघतो. पण १२ गॅलन दूध आणलंय त्याचं काय?

दूध कमिटी:
दुधाचं आम्ही ठरवू, परस्पर कुणी परत करू नका. केशर-वेलदोडा कालच घातलाय. लाइट गेले तर फ्रीजमध्ये राहणार नाही म्हणून आत्ताच आटवायला ठेवतोय. एडिसनमधल्यांनी ३ च्या आत झाकणाचे डबे घेऊन या. क्वीन्सवाल्यांनी निघू नका, तुमचं पुढच्या वेळी.